हातचा

वहीचं पान मधोमध दुमडलं.
डावीकडे लिहिलं गाडी, उजवीकडे टॅक्सी.
तिबिलिसीत मी पियानो सुरात लावते:
सकाळी वाकेच्या चढावर,
दुपारी ग्लदानीत, अकराव्या मजल्यावर,
संध्याकाळी नदीपलीकडच्या संगीतशाळेत,
जिथे एक पट्टी माझ्याआधीपासून रुसलेली आहे.

डावीकडे:
पार्किंगचा वर्षाचा दाखला. हिवाळी टायर.
फेब्रुवारीत बदललेला क्लच.
पुढचा बंपर गेला तो बसवलाच नाही, त्याचे शून्य.
(इथे कितीतरी गाड्या तशाच फिरतात,
पुढचे दात पडलेल्या माणसासारख्या, बिनधास्त.)
पेट्रोल. पेट्रोल. परत पेट्रोल.

उजवीकडे:
सहा लारी. साडेआठ.
बर्फ पडला की एकोणीस,
आणि त्या एकोणिसासाठीही ताटकळणं.

तेकले म्हणाली, आई,
तुझी गाडी दिवसाचे बावीस तास झोपते
आणि तू तिच्या झोपेचं भाडं भरतेस.
पोरीचं गणित पहिल्यापासून चांगलं.
रुस्तावीहून एक मुलगा आला,
पाच हजार शंभर मोजले,
वर सीटवरचं लोकरी आसनही मागून नेलं.
दुसऱ्या सकाळी माझ्या जागेवर
झाझाने स्वयंपाकघरातली खुर्ची आणून ठेवली होती.
मी काही बोलले नाही.
जागा माझी नव्हतीच कधी, गाडीची होती.

आता मी मागे बसते.
पुढे रोज नवी मान.
एक मालखाझ, भूगर्भशास्त्र शिकलेला,
आता रस्त्यातले खड्डे वाचतो.
एकाने वाटभर घटस्फोट सांगितला
आणि उतरताना मला पाच तारे मागितले.
मी दिले. गोष्ट चांगली होती.
पार्किंग शोधत गोल गोल फिरणं संपलं,
हे मान्य. खांदे उतरले माझे, हेही.

पण डिकी.
डिकीत राहायचं सगळं:
फेल्टचे तुकडे, तारांची भेंडोळी,
अक्रोडांची पिशवी,
कुणाची तरी परत करायची राहिलेली बरणी.
टॅक्सीत काही राहत नाही.
राहिलं, तर त्याला हरवलं म्हणतात.

आणि ती रात्र.
दोन वाजता जिन्यातून हाक, एतेरी!
वरचा नोदार भिंतीला टेकून, ओठ निळे.
माझा हात आपसूक खिळ्याकडे गेला.
खिळ्यावर किल्ली नव्हती.
फोन म्हणाला अकरा मिनिटं,
मग नऊ, मग चौदा.
गणित असं मागे जाताना मी कधी पाहिलं नव्हतं.
नोदार वाचला. परवा जिन्यात भांडलासुद्धा.
आणि खरं सांगायचं, तर त्या थंडीत
ओपेल पहिल्या फटक्यात सुरू झाली असती
अशी शपथ मीही घेणार नाही.

साठच्या वेगाला ती गुणगुणायची,
‘ला’च्या केसभर खाली.
पंधरा वर्षं मी तो केसभर फरक
डोक्यातल्या डोक्यात वर ओढत घरी यायचे.
अजून स्क्रीनवर चंदेरी ओपेल दिसली
की मी फाटकाशी कान देऊन उभी राहते.
दुसरीच असते. दर वेळी.

बेरीज केली. उजवी बाजू जिंकली,
थोडीथोडकी नाही, चांगली दणदणीत.
फक्त वर कोपऱ्यात बारीक अक्षरात
एक हातचा लिहिलेला आहे,
तो कुठल्या रकान्यात मिळवायचा
हे मला कुणी शिकवलेलं नाही.

खाली हॉर्न. चार मिनिटं म्हणाला होता, दोनच लागली.
पेटी उचलते.
उतरताना दोनदा वळून सीट बघायची,
ही सवय मात्र आता लागली आहे.